टेन्शन गेले, म्हणून गोळी बंद?

गोंदिया तालुक्यातील कामठा आणि आसपासच्या गावांतून येणाऱ्या रुग्णाला ‘काय त्रास होतो?’ असे विचारले, की उत्तर बहुधा एका दमात येते: ‘टेन्सन हाये साहेब, म्हणून बीपी वाढला.’ मग गोळ्या मध्येच का थांबवल्या, असे विचारावे, तर: ‘आता टेन्सन नाही, बरं वाटते.’ आमच्या धानपट्ट्यात बीपीच्या गोळ्यांचे एक वेगळेच पंचांग चालते. पाऊस लांबला आणि रोवणी अडली, की गोळ्या सुरू. धान विकले गेले, पण चुकारे आले नाहीत, की पुन्हा सुरू. पैसे खात्यात पडले, लग्नकार्य पार पडले, की डबी फळीवर जाते. पुढे कधी तरी अर्धांगाचा झटका आलेला माणूस घेऊन घरचे येतात आणि म्हणतात, ‘यायले तर काहीच तरास नव्हता.’

या गोंधळात शब्दांचाही दोष आहे, आणि तो शब्द आम्ही डॉक्टरांनीच रुग्णाच्या हाती दिला. ‘हायपरटेन्शन’ या नावातील ‘टेन्शन’ म्हणजे धमनीच्या भिंतीवर पडणारा ताण. मनावरच्या ताणाशी त्या नावाचा संबंध नाही. मराठीत ‘रक्तदाब’ हा सरळ शब्द होता. पण केस पेपरवर एचटीएन लिहिले जाते, तोंडी हायपरटेन्शन म्हटले जाते आणि रुग्ण त्यातले ओळखीचे तेवढे उचलतो. मग टेन्शन हाच आजार होतो आणि टेन्शन गेले की आजारही गेला, असा हिशेब मांडला जातो.

हा हिशेब किती घरांचा आहे? २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ वर्षांवरील सुमारे २३ टक्के स्त्रिया आणि २४ टक्के पुरुष वाढलेल्या रक्तदाबाचे किंवा त्यासाठी गोळ्या घेणारे आढळले. म्हणजे चार-पाच मोठ्या माणसांमागे एक. २०२५ मध्ये फेब्रुवारी-मार्चमध्ये तीस वर्षांवरील सर्वांची तपासणी करण्याची देशव्यापी मोहीम झाली, सप्टेंबरमध्ये ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ अभियानात महिलांच्या तपासण्या झाल्या. दंडाला पट्टा बांधून घेण्याची आता कोणाला भीती वाटत नाही. अडचण त्याच्या पुढच्या टप्प्यावर आहे: निदान झालेला माणूस वर्षभर गोळी का घेत नाही? त्याचे उत्तर शोधताना मनाकडे जावेच लागते.

मन आणि रक्तदाब यांचा संबंध आहे का? आहे, पण लोक समजतात तसा सरळ रेषेत नाही.

राग, भीती, भांडण, परीक्षा, कचेरीतले हेलपाटे यांनी रक्तदाब चढतो, हे खरे. मेंदू धोक्याचा इशारा देतो, अॅड्रिनॅलिन वाहते, हृदय जोरात धडधडते, रक्तवाहिन्या आवळतात. प्रसंग सरला की काही मिनिटांत, फार तर काही तासांत दाब खाली येतो. ही शरीराची नेहमीची चाल झाली. तिला उच्च रक्तदाबाचा आजार म्हणत नाहीत. माणूस शांत बसलेला असतानाही वेगवेगळ्या दिवशी दाब १४०/९० च्या वर मिळत राहतो, तेव्हा तो आजार. त्यामागे वय, आनुवंशिकता, मीठ, वजन, दारू, मूत्रपिंडाचे विकार अशी अनेक कारणे असतात.

मग दीर्घकाळची उदासी किंवा काळजी माणसाला हळूहळू कायमच्या रक्तदाबाकडे नेते का? २०१२ साली नऊ अभ्यासांतील २२ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. नैराश्य असलेल्यांना पुढे उच्च रक्तदाब होण्याचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी जास्त निघाला. हा आकडा घाबरवण्यासाठी नाही. शंभरांपैकी दहांना होणार असेल, तर नैराश्य असलेल्या शंभरांत साधारण चौदांना, एवढाच त्याचा अर्थ. उलट नॉर्वेतील नॉर्ड-ट्रोंडेलाग परगण्यात हजारो लोकांचा अनेक वर्षे पाठपुरावा झाला, तेव्हा चिंता आणि नैराश्याची लक्षणे जास्त असलेल्यांचा रक्तदाब नंतर कमीच आढळला. दोन्ही निष्कर्ष काळजीपूर्वक केलेल्या कामाचे. मग खरे काय मानायचे?

यावर बराच प्रकाश टाकणारा अभ्यास २०२३ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात आला. लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतील संशोधकांनी ब्रिटनमधील पाच लाखांहून अधिक प्रौढांची माहिती तपासली. त्यात दोन गोष्टी एकत्र दिसल्या. ज्यांचा वरचा रक्तदाब त्या वेळी जास्त होता, त्यांच्यात नैराश्याची लक्षणे थोडी कमी होती आणि समाधान थोडे जास्त होते. मात्र ज्यांना पुढे काही वर्षांनी उच्च रक्तदाबाचे निदान झाले, त्यांचे मन:स्वास्थ्य निदानाच्या कितीतरी आधीपासूनच इतरांपेक्षा काहीसे खालावलेले होते. फरक लहान आहेत, लोक ब्रिटनचे आहेत, आणि अशा अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही. तरीही या निष्कर्षापुढे मी थबकलो, कारण ओपीडीत रोज ऐकू येणाऱ्या ‘मले तर काहीच होत नाही’ या वाक्याचा एक धागा त्यात सापडतो.

मानेतील धमन्यांत आणि हृदयाजवळच्या महाधमनीत दाब ओळखणाऱ्या सूक्ष्म मज्जातंतूंची टोके असतात. दाब वाढला की ती ताणली जातात आणि मेंदूला निरोप देतात: जरा सबुरीने घ्या. या निरोपाने हृदयाची गती मंदावते, आणि त्याबरोबर मेंदूची जागरूकताही किंचित बोथट होते. उच्च रक्तदाब असलेल्यांना वेदना काहीशी कमी जाणवते, हे चाळीसहून अधिक वर्षांपासून प्रयोगांत दिसत आले आहे. समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव ओळखण्यातही त्यांची धार थोडी कमी पडते, असे काही अभ्यास सांगतात. १९७९ मध्ये अमेरिकेतील डवॉर्किन आणि सहकाऱ्यांनी उंदरांवरच्या प्रयोगातून एक शंका पुढे मांडली. वाढलेला दाब त्रासाची धार कमी करत असेल, तर शरीर नकळत त्या आरामाला सोकावत असेल का? लाइपझिगच्या संशोधकांनी आपल्या निष्कर्षांचा अर्थ याच दिशेने लावला आहे. आधीपासून ताणात असलेल्या माणसाला दाब वाढल्यावर थोडे हलके वाटते, तेच वारंवार घडत राहते आणि वर्षांनी त्याचा आजार होतो, अशी ती साखळी असावी. हे अजून सिद्ध झालेले नाही. पण ते खरे ठरले, तर ‘बरं वाटते’ ही जाणीवच काही रुग्णांत वाढलेल्या रक्तदाबाची सोबतीण ठरेल.

ते पुढे खरे ठरो वा न ठरो, वाटण्यावरून रक्तदाब ओळखता येत नाही, हे आजच पक्के आहे. डोके दुखले म्हणजे बीपी, चक्कर आली म्हणजे ‘बीपी लो’, जीव घाबरला म्हणजे बीपी, यातले बहुतेक अंदाज यंत्र लावल्यावर चुकतात. १८०/११० असलेला माणूस सायकल मारत येतो आणि १२०/८० वाली बाई ‘आता माझं काही खरं नाही’ म्हणून रडत असते. दोघांनाही उपचार हवे आहेत, पण वेगवेगळे.

त्या बाईबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. रात्री छातीत धडधड, हातपाय गार, दम कोंडल्यासारखा, मरण आल्यासारखे वाटणे, अशा तक्रारींनी येणाऱ्यांत तीव्र चिंतेचा झटका आलेले बरेच असतात. (हृदयविकार नाही ना, हे ईसीजीने आधी पाहावेच लागते.) त्या घटकेला मोजलेला रक्तदाब १७०/१०० भरू शकतो. शांत खोलीत बसवले, धीर दिला, तर तासाभरात तो बराच खाली आलेला दिसतो. पण नातेवाईक हट्ट धरतात, ‘जिभेखालची गोळी द्या.’ निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली टाकण्याची पद्धत एके काळी सर्रास होती. दाब एकाएकी कोसळून मेंदूचा किंवा हृदयाचा रक्तपुरवठा तुटू शकतो, हे लक्षात आल्यावर १९९० च्या दशकातच तिच्याविरुद्ध स्पष्ट इशारे दिले गेले. काही ठिकाणी ती सवय अजून टिकून आहे. आणि ज्या चिंतेमुळे ती बाई आली, तिच्याबद्दल मात्र कोणी विचारलेलेच नसते. घरी जाताना तिच्या पदरात ‘तुम्हाला बीपी आहे’ एवढे एक वाक्य पडते, आणि चिंतेला आणखी एक विषय मिळतो.

गोळ्यांची भीती हा दुसरा मोठा विषय. ‘बीपीच्या गोळीनं माणूस सुस्त होते, मन उडते’, असे गावोगाव ऐकू येते. या समजुतीला इतिहास आहे, आणि तो आपल्या मुंबईतूनच जातो. सर्पगंधेचे मूळ आपल्याकडे वेड आणि निद्रानाशावर फार पूर्वीपासून दिले जात असे. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब आणि मनोविकार या दोन्हींवर तिच्या उपयोगाविषयी लिहिले. १९४९ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधा दिलेल्या ५० उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला, आणि जगाचे लक्ष या मुळाकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यातून रेसर्पिन वेगळे काढले गेले. वकिलांना १९५७ चा लास्कर पुरस्कार मिळाला. एकच औषध रक्तदाबही उतरवते आणि उन्मादही शांत करते, ही त्या काळी मोठी नवलाई होती. पण १९५४ मध्येच अमेरिकेतील डॉ. एडवर्ड फ्रीस यांनी नोंदवले, की रेसर्पिनचे मोठे डोस दीर्घकाळ घेणाऱ्या काही रुग्णांना खोल नैराश्य येते. मेंदूतील काही रसायने घटल्याने नैराश्य येते, ही कल्पना ज्या निरीक्षणांतून उभी राहिली, त्यांपैकी हे एक. नंतरच्या फेरतपासणीत तो पुरावा वाटला तितका भक्कम नव्हता, असेही मत पुढे आले. तोवर ‘बीपीची गोळी मन खाते’ ही धारणा मात्र रुजली होती.

आज सरकारी दवाखान्यात मिळणारी पहिली गोळी बहुधा अमलोडिपिन असते. डेन्मार्कमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात रक्तदाबाची ४१ औषधे एकेक करून तपासली गेली. नैराश्याचा धोका वाढवणारे त्यांत एकही निघाले नाही, आणि नऊ औषधे घेणाऱ्यांत तो धोका थोडा कमी आढळला. त्या नवांत अमलोडिपिन आहे. तेव्हा गोळीने मन उदास होईल या भीतीने ती थांबवण्याचे कारण नाही. अमलोडिपिनने काहींच्या पायांवर सूज येते, बीटा ब्लॉकर गटातील गोळ्यांनी काहींना थकवा येतो किंवा विचित्र स्वप्ने पडतात. असे झाले तर सांगावे, गोळी बदलता येते. उलट बाजूही माहीत असावी. रोवणी-कापणीच्या दिवसांत कंबर-गुडघ्यांसाठी औषधाच्या दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या रक्तदाब वाढवतात. नैराश्यावरील व्हेनलाफॅक्सिनसारखे औषध मोठ्या डोसात तेच करू शकते. मनोविकारतज्ज्ञाकडे जाताना बीपीच्या गोळ्यांचा कागद सोबत न्यावा, तो यासाठी. आणि खर्रा! ‘टेन्सन कमी होते’ म्हणून तोंडात ठेवलेला खर्रा निकोटिनमुळे त्याच क्षणी नाडी आणि रक्तदाब दोन्ही वर चढवतो.

आता प्रश्न गोळी नियमित घेण्याचा. २००० साली झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात नैराश्य असलेले रुग्ण वैद्यकीय सल्ला न पाळण्याची शक्यता इतरांच्या तिप्पट असल्याचे दिसले. तो आकडा नसता, तरी आम्हाला हे ठाऊक आहे. ज्याला सकाळी उठावेसे वाटत नाही, तो पुढच्या दहा वर्षांत येऊ शकणाऱ्या पक्षाघातासाठी आज गोळी का घेईल? मनाचा रक्तदाबाशी सर्वांत घट्ट संबंध मला इथे दिसतो. रक्तवाहिनीवर मनाचा थेट परिणाम किती, यावर वाद चालू राहील. गोळीच्या डबीवरचा परिणाम मात्र उघड आहे.

शेजारच्या भंडाऱ्याचे उदाहरण यासाठी महत्त्वाचे. १९९९ च्या १ मेपर्यंत गोंदिया त्याच जिल्ह्याचा भाग होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये आयसीएमआर, केंद्र व राज्य सरकारे आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू केला, तेव्हा पहिल्या टप्प्यातील देशभरच्या २५ जिल्ह्यांत महाराष्ट्रातून भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग होते. काम साधे होते. गोळ्यांच्या पायऱ्या ठरलेल्या, महिनाभराच्या गोळ्या एकदम हातात, प्रत्येक रुग्णाचे कार्ड, आणि तारखेला न आलेल्याला फोन किंवा आशाताईंची घरभेट. अशा रीतीने उपचारांवर आलेल्या रुग्णांपैकी देशभरात जवळपास निम्म्यांचा रक्तदाब नियंत्रणात आला. या उपक्रमाला २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. ही मोठी कमाई आहे. पण उरलेल्या निम्म्यांत दोन प्रकार असतात. काही येतात, तरी दाब उतरत नाही. त्यांच्यासाठी पुढची पायरी आहे. काही येतच नाहीत. त्यांना ‘गैरहजर’ म्हणून मोजले जाते. का आले नाहीत, हे विचारणारा रकाना मला तिथे हवा आहे.

गंमत अशी, की तो रकाना एका वेगळ्या कागदावर आधीच छापलेला आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी आशाताई जो ‘सीबॅक’ फॉर्म भरतात, त्यात वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर यांच्यासोबत शेवटी मनाविषयी दोन प्रश्न असतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटत नाही, असे किती वेळा झाले? उदास, हताश वाटले, असे किती वेळा? उत्तराला शून्य ते तीन गुण, आणि बेरीज तीनच्या वर गेली की उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे किंवा डॉक्टरकडे पाठवायचे. नियम चांगला आहे. पण अंगणात सासू, जाऊ, शेजारीण बसलेल्या असताना ‘तुला उदास वाटते का?’ या प्रश्नाला कोणती सून ‘हो’ म्हणेल? मग शून्याला शून्य जोडले जाते. आशाताईंना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या डोक्यावर किती फॉर्म आणि किती अॅप आहेत, ते पाहिलेल्याने तो देऊ नये. आणि गुण तीनच्या वर गेले, तरी पुढे काय? बीपीची ओपीडी एका दाराशी, मनाची दुसऱ्या दाराशी, तीही ठरावीक वारी. ‘वेड्याच्या डॉक्टरकडे’ जाताना गावचे कोणी पाहील, ही धास्ती आहेच. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ मध्ये नैराश्य असलेल्या शंभरांपैकी सुमारे ८५ जण उपचारांविना असल्याचे सांगितले होते. त्या पाहणीच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आमच्याला लागून असलेली मध्य प्रदेश आणि छत्तीसगड ही राज्ये होती.

हे बदलता येते, याचा पुरावा विदर्भातच आहे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. गावातलेच प्रशिक्षित कार्यकर्ते आणि समुपदेशक घरोघर जाऊन मनाच्या त्रासाबद्दल लोकांच्या भाषेत बोलत, गरज असलेल्यांना डॉक्टरपर्यंत पोहोचवत. नैराश्य असलेल्यांपैकी आरोग्यसेवेशी संपर्क आलेल्यांचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले, असा अहवाल २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त आला. बिनखर्चाचे नव्हे, पण न परवडणारेही नव्हे. माझ्या मते बीपीचे कार्ड हेच त्यासाठी सर्वांत सोयीचे दार आहे. दर महिन्याला गोळ्या घ्यायला येण्यात कोणाला लाज वाटत नाही. त्याच टेबलावर, नातेवाइकांना दोन मिनिटे बाहेर बसवून, तेच दोन प्रश्न सिस्टरने विचारावेत. विशेषतः ज्याच्या दोन तारखा चुकल्या आहेत, त्याला. कामठ्यातील बाईने त्यासाठी गोंदियाला चक्कर मारण्याची गरज पडू नये.

तोवर घरी करण्यासारखे बरेच आहे. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटे टेकून बसावे, अर्धा तास आधी चहा, बिडी, खर्रा नको, आणि मोजताना बोलू नये. भांडण झाल्यावर लगेच मोजलेला आकडा वहीत लिहा, पण त्यावरून गोळी वाढवू किंवा थांबवू नका. ध्यान, प्राणायाम, भजन, सकाळची फेरी यांनी मन निवते, दाबही काही अंकांनी उतरू शकतो. गोळीच्या जोडीने ते जरूर करावे. झोप सलग दोन आठवडे उडाली, कशातच रस उरला नाही, तर ते डॉक्टरला बीपीच्याच भेटीत सांगावे, वेगळी चिठ्ठी काढण्याची वाट पाहू नये. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, हातापायाची ताकद जाणे, बोलणे अडखळणे यांपैकी काही झाले, तर बीपी मोजत बसू नये, १०८ ला फोन करावा. आणि जगावेसे वाटत नाही असे कोणी म्हणाले, तर त्याला एकटे सोडू नये, त्याच दिवशी दवाखान्यात आणावे. रात्री-बेरात्री बोलायला कोणी नसेल, तर केंद्र सरकारची टेली मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही उपलब्ध आहे.